चाळीस मिलिग्रॅम

आमच्या सणसरहून समुद्र लांब आहे. सरळ रेषेत मोजला तरी दीडशे किलोमीटरच्या पुढे, आणि मध्ये अख्खा सह्याद्री आडवा. तुकोबांची पालखी दरवर्षी गावातून जाते, त्यामुळे पंढरपूर न पाहिलेला माणूस आमच्याकडे सापडायचा नाही. पण समुद्र न पाहिलेली म्हातारी माणसे मला आजही दहा तरी मोजता येतील. अशा गावात बसून मी समुद्रातल्या तेलविहिरींवर लिहायला घेतले आहे, याचे तुम्हाला हसू येईल. येऊ द्या. पण त्याला कारण घडले.

दिवाळीत भाचा आला होता. आक्काचा मुलगा. बारामतीच्या कॉलेजात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाला आणि पुढची सारी नोकरी त्याने समुद्रावर काढली. आधी आखातात, मग आपल्या पश्चिम किनाऱ्यावर. चौदा दिवस पाण्यावर, चौदा दिवस घरी. नीरा कालव्यावर मी जे काही लिहिले होते ते त्याने वाचले आणि म्हणाला, "मामा, तुम्ही कालव्याच्या पाण्यावर एवढं लिहिता. मी सव्वीस वर्षं समुद्रावर पाण्याच्या बाटल्या भरल्या. त्यावर कुणी एक ओळ लिहिली नाही."

"कसल्या बाटल्या?" मी विचारले.

मग तो रात्री उशिरापर्यंत सांगत बसला. त्या बोलण्यातून आणि नंतर मी केलेल्या वाचनातून हा लेख झाला. मी इतिहास-भूगोलाचा मास्तर. तांत्रिक गोष्टी मला जेवढ्या समजल्या तेवढ्याच सांगतो.

फळ्यावरचा ठिपका

१९७४ साल. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. आकाशवाणीवर बातमी आली की मुंबईजवळच्या समुद्रात तेल सापडले. तारीख १९ फेब्रुवारी. त्या काळात तेलाची बातमी म्हणजे सणच होता. चारच महिन्यांपूर्वी अरब-इस्रायल युद्ध झाले होते आणि तेलाचे भाव जगभर चौपट झाले होते. रॉकेलच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना वेगळे सांगायला नको.

मी दुसऱ्या दिवशी फळ्यावर महाराष्ट्राचा नकाशा काढला आणि मुंबईच्या डावीकडे, समुद्रात, एक ठिपका दिला. "बॉम्बे हाय. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर." पुढची तीस-बत्तीस वर्षे तो ठिपका मी देत आलो. मुलांना 'सागर सम्राट' हे नाव फार आवडायचे. जपानमध्ये बांधलेले ते विहीर खोदणारे जहाज, समुद्रात पाय रोवून उभे राहणारे! त्याच्या आधी, साठीच्या दशकात, 'अकादेमिक अर्खांगेल्स्की' नावाच्या सोव्हिएत जहाजाने या भागाची पाहणी केली होती. २१ मे १९७६ रोजी प्रत्यक्ष तेल निघू लागले. ऐंशीचे दशक संपता संपता देशातल्या तेलाचा निम्म्याहून मोठा वाटा या समुद्रातून येत होता.

हे सगळे मी शिकवले. तेल काढताना आणखी काय काय वर येते आणि त्याचे काय करतात, हे मात्र कधी शिकवले नाही. पुस्तकात नव्हते आणि मलाही प्रश्न पडला नाही.

खरे म्हणजे पडायला हवा होता, कारण त्या समुद्राचे आमच्या शिवाराशी नाते आहे. तेलाबरोबर निघणारा वायू सुमारे २०० किलोमीटर लांबीच्या नळांतून उरणला येतो. उरणचा वायू पुढे अलिबागजवळच्या थळच्या खत कारखान्यात जातो. हा कारखाना १९८५ च्या सुमारास सुरू झाला. वायूपासून अमोनिया, अमोनियापासून युरिया. आमच्या सोसायटीत 'उज्ज्वला' युरियाची गोणी मिळायची, ती याच कंपनीची. म्हणजे आमचा ऊस कालव्याचे पाणी प्यायचा आणि समुद्राच्या पोटातला वायू खायचा. घरात शेगडी आली तिच्यातही उरणच्या गॅसचा वाटा असणारच. तेव्हा 'आपल्याला काय त्याचे' असे सणसरच्या माणसालाही म्हणता येणार नाही.

वर काय काय येते

भाच्याने मला आधी मड समजावून सांगितले. आपल्याकडे बोअर मारताना गाळ उसळतो तो सगळ्यांनी पाहिला आहे. समुद्रात विहीर खोदताना मात्र वरून मुद्दाम घट्टसर चिखल आत सोडतात. त्याला मड म्हणतात. तो खोदणाऱ्या बिटला थंड ठेवतो, फोडलेल्या दगडाचा चुरा वर आणतो आणि खालून उसळू पाहणाऱ्या तेल-वायूच्या दाबाला आपल्या वजनाने दाबून धरतो. वजन यावे म्हणून त्यात बॅराइट नावाचे जड खनिज घालतात. बॅराइट वाईट प्रतीचे असले तर त्यात पारा आणि कॅडमियम असू शकते. अवघड विहिरींसाठी जगभर पूर्वी डिझेल मिसळलेला मड वापरत. असा डिझेलने माखलेला चुरा समुद्राच्या तळावर पडला, तर तिथले किडे, शिंपले, खेकडे यांचे काय होईल ते सांगायला शास्त्रज्ञ नको.

दुसरी गोष्ट म्हणजे पाणी. तेलाबरोबर जमिनीच्या पोटातले खारे पाणी वर येते. विहीर नवी असते तेव्हा पाणी कमी आणि तेल जास्त. विहीर म्हातारी झाली की उलटे होते. हे पाणी तेलापासून वेगळे करतात, आणखी साफ करतात आणि मग एक तर पुन्हा जमिनीत दाबतात नाही तर समुद्रात सोडतात. सोडायचे असेल तर त्यात तेल किती शिल्लक राहिले आहे ते मोजावे लागते.

त्याच या बाटल्या. आपल्या नियमाप्रमाणे समुद्रात सोडायच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ४० मिलिग्रॅम तेल चालते. जमिनीवर सोडायचे असेल तर १०. युरोपच्या उत्तर समुद्रात पूर्वी ४० होते, आता सरासरी ३० आहे. अमेरिकेत महिन्याची सरासरी २९. भाच्याच्या आयुष्याची सव्वीस वर्षे या चाळीसच्या आकड्याभोवती गेली.

मी हिशेब करून पाहिला. मास्तराची खोड! एक कोटी लिटर पाणी बरोबर चाळीसच्या मर्यादेत सोडले, तर त्यातून ४०० किलो तेल समुद्रात जाते. नियम पाळूनच जाते. कारण मर्यादा लिटरमागे आहे. विहिरी म्हाताऱ्या होत जातात तसे पाणी वाढते, आणि पाणी वाढले की चाळीसचा आकडा तसाच ठेवूनही समुद्रात जाणारे एकूण तेल वाढते. हे ऐकून भाचा हसला. म्हणाला, "मामा, हे आम्हाला पण माहीत होतं. पण आमचा रकाना लिटरचाच होता."

कायदा किती किलोमीटरवर संपतो?

आता थोडा इतिहास. जलप्रदूषणाच्या कायद्यात आपला महाराष्ट्र देशाच्या पुढे होता, हे पुष्कळांना माहीत नसते. राज्याने १९६९ मध्येच जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा केला आणि १९७० मध्ये मंडळ स्थापन केले. केंद्राचा कायदा आला २३ मार्च १९७४ रोजी. तारीख पाहा. समुद्रात तेल लागल्याला जेमतेम महिना झाला होता. पण हा कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे नद्या होत्या, ओढे होते, विहिरी होत्या. आणि समुद्र होता तो किनाऱ्यालगतचा. १६० किलोमीटरवरचे पाणी त्यात कुठून येणार?

१९७६ मध्ये सागरी क्षेत्रांचा कायदा झाला. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, हा आपला प्रादेशिक समुद्र. आणि २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटर, आपले विशेष आर्थिक क्षेत्र. या क्षेत्रातल्या संपत्तीवर आपला हक्क, आणि तिथले प्रदूषण रोखण्याचा अधिकारही केंद्र सरकारचा. बॉम्बे हाय या दुसऱ्या पट्ट्यात येते. पण अधिकार मिळाला म्हणजे कुणी पाहायला जातोच असे नाही. समुद्रावर गस्त घालणारे तटरक्षक दल त्यानंतर, १ फेब्रुवारी १९७७ रोजी सुरू झाले आणि त्याचा कायदा १९७८ मध्ये झाला. चोरटी आयात हे त्याचे मोठे कारण होते, पण समुद्रात सापडलेल्या तेलाची राखण हेही एक कारण होतेच.

पुढचे नियम कसे आले ते पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. प्रत्येक नियमाच्या मागे एखादा अपघात उभा आहे. कधी आपला, कधी दुसऱ्याचा.

जुलै १९८२ मध्ये बॉम्बे हायवर 'सागर विकास' या खोदकाम करणाऱ्या जहाजावर विहीर उसळली आणि आग लागली. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळ झाले. ती दुर्घटना जमिनीवरची, पण तिने सगळ्या देशाचे डोळे उघडले. १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. त्याच वर्षी तेल उद्योगाच्या सुरक्षिततेसाठी संचालनालय निघाले आणि समुद्रात तेल सांडले तर निस्तरण्याची जबाबदारी तटरक्षक दलाकडे दिली गेली.

मे १९९३ मध्ये बॉम्बे हायच्या उत्तर भागात तेलाचा नळ फुटला. हजारो टन तेल समुद्रात गेले. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मुरूडच्या परिसरात जाऊन किनाऱ्यावरच्या जिवांवर काय परिणाम झाला ते तपासले. त्याच वर्षाच्या अखेरीस तेल सांडल्यावर काय करायचे याचा राष्ट्रीय आराखडा मंजूर झाला. आणि जानेवारी १९९४ मध्ये असा नियम झाला की तेल-वायूच्या प्रकल्पाला आधी पर्यावरणावरचा परिणाम तपासून परवानगी घ्यावी लागेल. म्हणजे फळ्यावर मी पहिला ठिपका दिला त्याला वीस वर्षे झाल्यावर ही तपासणी कायद्याने बंधनकारक झाली. दहावीला ज्यांना मी बॉम्बे हाय शिकवले त्यांची मुले तोवर शाळेत येऊ लागली होती.

मडचे सविस्तर नियम ३० ऑगस्ट २००५ चे. डिझेलचा मड बंद. शक्य तिथे पाण्याचाच मड वापरायचा. बॅराइटमध्ये पारा किलोमागे १ मिलिग्रॅम आणि कॅडमियम ३ मिलिग्रॅम यांच्या वर नको. किनाऱ्यापासून ५ किलोमीटरच्या आत चुरा टाकायचा नाही. नियम चांगले आहेत. ते आले तेव्हा बॉम्बे हाय एकतीस वर्षांचे झाले होते.

आमच्या शिवारातले मीठ

इथे जरा गावाकडे येतो, कारण हा प्रकार मला ओळखीचा वाटला.

नीरेचा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला. दुष्काळी मुलखात पाणी आले, ऊस आला, गूळ आला. लोकांनी पाणी मनसोक्त दिले. पंचवीस वर्षांनी, १९१० मध्ये, पुण्याच्या शेतकी कॉलेजातले डॉ. हॅरल्ड मॅन आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर एक पुस्तिका लिहिली. पाणी जास्त झाले, निचरा नाही, खालचे मीठ वर आले. मग चर खोदा, पाणी मोजून द्या, हे सुरू झाले. म्हणजे इथेही आधी नुकसान आणि मग नियम.

आमच्या वडिलांच्या वाटणीची दीड एकर कालव्याखाली होती. ती आमच्याच हाताने चोपण झाली. पाळी आली की रात्रभर पाणी सोडून झोपायचो. एका उन्हाळ्यात सरीच्या वरंब्यावर पांढरी खपली दिसली. वडील बोटाने उचलून चाखून म्हणाले, "मीठ आलं." त्यानंतर तिथे ऊस कधी धड आला नाही.

पण आम्हाला ती खपली दिसली तरी! शेजाऱ्याला दिसली, पाटकऱ्याला दिसली, गावात चर्चा झाली. समुद्राच्या तळावर ७०-८० मीटर खोल काय पडले आहे ते कोणाला दिसणार? तिथे बांधाला बांध लागलेला शेजारी नाही. प्लॅटफॉर्मच्या भोवती ५०० मीटरच्या आत मच्छीमाराला जायला मनाई आहे, आणि सुरक्षिततेसाठी ती योग्यच आहे. पण त्यामुळे तक्रार करू शकणारा एकमेव माणूसही लांबच राहतो. पावसाळ्यात कोकणात आणि गोव्यात किनाऱ्यावर डांबरासारखे गोळे येतात. त्या तेलाचे ठसे जुळवून शास्त्रज्ञ माग काढतात. काहींचा माग टाक्या धुऊन जाणाऱ्या टँकरांकडे निघाला, काहींचा मुंबई हायच्या तेलक्षेत्राकडे. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला मात्र फक्त चपलेला चिकटलेला गोळा दिसतो. तो कोणाला जाऊन विचारणार?

२७ जुलै २००५

या दिवसाबद्दल लिहायचे की नाही, यावर मी दोन दिवस घालवले. आक्का आता नाही, म्हणून लिहितो.

आदल्या दिवशी, २६ जुलैला, मुंबई बुडाली होती. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. आमच्याकडे वर्षाला पडतो त्याच्या जवळजवळ दुप्पट! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टीव्हीवर पट्टी आली की बॉम्बे हायवर आग लागली आहे. भाचा तेव्हा समुद्रावर होता. कोणत्या प्लॅटफॉर्मवर, हे घरात कोणालाच नीट ठाऊक नव्हते. आम्हाला सगळे बॉम्बे हायच!

पुढे जे समजले ते असे. 'समुद्र सुरक्षा' नावाच्या मदतीच्या जहाजावर एका स्वयंपाक्याच्या हाताला दुखापत झाली होती. त्याला उपचारासाठी मुंबई हाय नॉर्थ या प्लॅटफॉर्मवर चढवायचे होते. खवळलेल्या समुद्रात जहाज प्लॅटफॉर्मच्या उभ्या नळांवर आदळले. नळ फुटला, वायू सुटला आणि पेटला. दोन तासांच्या आसपास तो अख्खा प्लॅटफॉर्म वितळून समुद्रात कोसळला. ३८४ माणसांपैकी ३६२ वाचली, २२ गेली. मुंबई पाण्यात होती आणि हवा वाईट होती, त्यामुळे हेलिकॉप्टरांनाही अडचण. तरी नौदल, तटरक्षक दल आणि आसपासच्या जहाजांनी भर पावसाळ्यात एवढी माणसे काढली, हे मोठेच काम झाले.

आक्का फोनजवळ बसून होती. मुंबईचे फोन लागत नव्हते. तिने दोन दिवस चहाशिवाय काही घेतले नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला. मीच उचलला. "मामा, मी दुसरीकडे होतो. आईला सांगा." एवढेच बोलून त्याने ठेवला, कारण मागे रांग होती. आक्काने देवापुढे साखर ठेवली आणि मग म्हणाली, "ज्या बावीस घरांत फोन वाजला नाही, त्यांचं काय?" त्या वाक्याने माझ्याही घशाशी आलेला आनंद खाली बसला.

या अपघातानंतर, २००८ मध्ये, समुद्रातल्या तेल-वायूच्या कामासाठी सुरक्षिततेचे स्वतंत्र नियम झाले आणि सुरक्षा संचालनालयाला त्यावर देखरेखीचा अधिकार मिळाला. पुन्हा तेच. आधी बावीस, मग नियम. आणि नियम झाले म्हणजे संपले असेही नाही. मे २०२१ च्या तौक्ते वादळात मुंबई हायजवळ पी-३०५ हा कामगारांचा तराफा बुडाला. तो आणि त्याच्याबरोबरची 'वरप्रदा' ही टग मिळून ८६ माणसे गेली.

गांधीजयंतीचा वर्ग

आता मला जे मुळात सांगायचे आहे ते सांगतो. त्यासाठी माझीच एक फजिती सांगावी लागेल.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत शाळेची तपासणी लागली. माझी टाचणवही महिनाभर कोरी. आदल्या रात्री कंदील लावून मी सगळा ऑक्टोबर एका बैठकीत लिहून काढला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी वही चाळली, एका पानावर बोट ठेवले आणि शांतपणे म्हणाले, "गुरुजी, दोन ऑक्टोबरला तुम्ही आठवीला वारे शिकवलेत. गांधीजयंतीलाही वर्ग घेतलात, अभिनंदन!" सगळी शाई एकाच रंगाची होती ती वेगळीच. त्यांनी शेरा मारला नाही. पण पुढे मी टाचण रोजच्या रोज लिहू लागलो.

विचार करा, ती वही तपासायला साहेब आलेच नसते तर? किंवा वही तपासणाराही मीच असतो तर? मी काही लबाड माणूस नव्हतो. मुलांना शिकवलेही होते. पण वही कोणी पाहणार नाही हे ठाऊक असले की वही कोरी राहते, एवढे मी स्वतःवरून सांगू शकतो.

समुद्रावर पाण्याची बाटली भरतो कंपनीचा माणूस, मोजतो कंपनीच्या प्रयोगशाळेत, आणि दर सहा महिन्यांनी अटी पाळल्याचा अहवाल पाठवते तीही कंपनीच. हे जगभर असेच चालते, कारण रोज कोण जाणार तिथे हेलिकॉप्टरने? म्हणून वरचा तपासणीस कोण आहे याला महत्त्व येते. १९८८ मध्ये ब्रिटनच्या पायपर अल्फा प्लॅटफॉर्मवर १६७ माणसे जळून गेली. चौकशी करणाऱ्या लॉर्ड कलन यांनी एक मोठी सूचना केली. तेलाचे उत्पादन वाढवण्याची जबाबदारी असलेल्या खात्याकडून सुरक्षिततेचे काम काढून घ्या आणि ते वेगळ्या संस्थेकडे द्या. ती अमलात आली. अमेरिकेने हा धडा २०१० मध्ये घेतला. मेक्सिकोच्या आखातात विहीर उसळली, ११ माणसे गेली, ८७ दिवस तेल वाहत राहिले. तिथे तेलाचा महसूल गोळा करणारी आणि नियम पाळायला लावणारी संस्था एकच होती. ती मोडून वेगवेगळ्या संस्था केल्या.

आपल्याकडे सुरक्षा संचालनालय आणि सरकारी तेल कंपनी ही दोन्ही एकाच पेट्रोलियम मंत्रालयाच्या छपराखाली आहेत. पर्यावरणाची परवानगी दुसऱ्या मंत्रालयाकडे, सांडलेले तेल तटरक्षक दलाकडे. यात कोणी माणूस वाईट आहे असे मला म्हणायचे नाही. पण मुख्याध्यापक आणि तपासणी अधिकारी एकाच घरात राहत असतील तर शेरे कसे येतील, हे शिक्षकाला विचारावे लागत नाही. त्यातच जानेवारी २०२० मध्ये तेल शोधण्यासाठीच्या विहिरी परवानगीच्या खालच्या गटात टाकून त्यांची वाट सोपी केली गेली. उत्पादनाचे प्रकल्प मात्र वरच्याच गटात राहिले, एवढे बरे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पन्नास वर्षांत आपल्या समुद्रात मेक्सिकोच्या आखातासारखा अनर्थ झालेला नाही. सुरुवातीला नळ पुरेसे नव्हते म्हणून बराच वायू नुसता जाळून टाकत. नंतर तो उरणला आणि थळला पोहोचू लागला. हे ज्यांनी केले त्या हजारो माणसांत आमचा भाचाही आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे.

पण विहिरी आता म्हाताऱ्या झाल्या. लोखंड गंजते आहे, पाणी वाढते आहे. जुने प्लॅटफॉर्म काढून समुद्र साफ करण्यासाठी पैसे बाजूला ठेवण्याची योजना १९९९ पासून आहे, आणि ते काम पुढच्या काही वर्षांत मोठ्या प्रमाणावर अंगावर येणार आहे. अशा वेळी माझी मागणी साधी आहे. त्या बाटल्यांचे आकडे महिन्याच्या महिन्याला उघड करा. लिटरचा रकाना ठेवा, शेजारी एकूण किलोचाही ठेवा. मराठीत ठेवा, म्हणजे मुरूडच्या कोळ्यालाही वाचता येतील आणि सणसरच्या शाळेतल्या पोरालाही. आमच्या कालव्यावर पाण्याची पाळी फळ्यावर लिहितात. तो फळा वाचूनच गावात भांडणे होतात आणि भांडणे होतात म्हणूनच पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोहोचते.

जाताना भाच्याने पिशवीतून एक छोटी काचेची बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली. नमुन्यासाठी वापरायची, रिकामी, धुतलेली. "आठवण म्हणून ठेवा," म्हणाला. मी तिच्यात कालव्याचे पाणी भरून ठेवले आहे. चार दिवसांत तळाला बोटभर गाळ बसला. निदान तो दिसतो तरी.